व्याख्या तोंडपाठ, प्रश्न फिरवला की शांतता

पत्र थोडक्यात: पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात १२० विद्यार्थी. चाचणीत बहुतेकांना सत्तरच्या पुढे टक्के मिळतात, परासरणाची (पाणी पटलातून जास्त तीव्र द्रावणाकडे जाण्याची) व्याख्या शब्द न चुकता लिहिली जाते. पण वर्गात तीच गोष्ट जरा फिरवून विचारली की सगळे वहीत बघायला लागतात. म्हणून पुढचा पेपर त्यांनी मुद्दाम अवघड काढला. सरासरी ३१ टक्क्यांवर आली, 'सिलॅबसबाहेरचं विचारलं' अशी ओरड झाली, आणि ज्यांना विषय खरोखर कळतो असं त्यांना वाटत होतं त्यांतल्या काहींना इतरांहूनही कमी गुण पडले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, बहुपर्यायी प्रश्नांत पाठांतरापलीकडे काही तपासता येत नाही, दीर्घोत्तरी विचारा. १२० पेपर एकटीने तपासायचे तर ते जमणारं नाही. 'मुलांना कळलंय की नाही हे तपासायचं तरी कसं? की मीच नको तेवढी अपेक्षा करतेय?' असं त्या विचारतात. दोन्ही पेपर त्यांनी सोबत जोडले आहेत.

तुमचे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात प्रश्न आहे, 'मायटोकॉन्ड्रियाला पेशीचं ऊर्जाकेंद्र का म्हणतात?' अवघड पेपरात आहे, 'क्रेब्ज चक्रातली विकरं क्रमाने लिहा आणि एका ग्लुकोजपासून एकूण किती एटीपी मिळतात ते सांगा.' (विकरं म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिनं, एटीपी म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू.) दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे यात वाद नाही. पण दोन्ही एकाच जातीचे आहेत. पहिल्यात एक ओळ आठवायची, दुसऱ्यात आठ विकरं आणि एक आकडा आठवायचा. त्यात तो आकडाही धड नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ असतो, नव्यांत ३० ते ३२. ज्याने नवं पुस्तक नीट वाचलं, त्याचा गुण तुमच्या उत्तरतालिकेने कापला असण्याची शक्यता आहे. तुमचे समजूतदार विद्यार्थी मागे का पडले, याचं निदान एक कारण इथे दिसतं.

म्हणजे पेपर अवघड झाला, पण जे तपासायचं होतं ते तसंच राहिलं. त्याच धड्यावर असा प्रश्न विचारून बघा: 'एक पदार्थ मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात शिरतो आणि हायड्रोजन आयनांना तिथून मोकळेपणाने आत येऊ देतो, त्यामुळे त्यांना एटीपी तयार करणाऱ्या विकरातून जावं लागत नाही. पेशीचा ऑक्सिजनचा वापर आणि एटीपीचं उत्पादन यांचं काय होईल?' विकराचं एकही नाव लागत नाही. लागणारी माहिती प्रश्नातच आहे. तरीही ज्याने इलेक्ट्रॉन वाहून नेणारी साखळी नुसती पाठ केली आहे तो लिहितो, 'सगळं बंद पडेल.' ज्याला कळलंय त्याला दिसतं की इलेक्ट्रॉन वाहतच राहतील, उलट अडथळा गेल्यामुळे ऑक्सिजन जास्त वापरला जाईल, एटीपी मात्र घटेल आणि ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडेल.

प्रश्न कोणत्या पातळीचा आहे हे ठरवायला शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांची १९५६ची वर्गवारी बहुतेक शिक्षकांना माहीत असते: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण आणि पुढे. तिचा वापर करताना एक गोष्ट हमखास निसटते. प्रश्नाची पातळी त्याच्या शब्दांवर ठरत नाही, विद्यार्थ्याने तो आधी पाहिला आहे का यावर ठरते. वरचा प्रश्न तुम्ही गुरुवारी फळ्यावर सोडवून दाखवलात आणि सोमवारी पेपरात घातलात, तर तो पाठांतराचाच झाला. 'स्पष्ट करा', 'विश्लेषण करा' अशी क्रियापदं वर चिकटवून काही बदलत नाही. म्हणून पेपर काढताना प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने लिहा: ही परिस्थिती वर्गात, नोट्समध्ये किंवा मागच्या पेपरांत येऊन गेली आहे का? उत्तर 'हो' असेल तर तो आठवणीचा प्रश्न. असे प्रश्न पेपरात असू नयेत असं मुळीच नाही. जीवशास्त्राची परिभाषा येत नसेल तर पुढचं काहीच येणार नाही. फक्त त्यांना संकल्पनेचे प्रश्न समजू नका.

आता तपासायचं काय, हे आधी ठरवू. सगळा अभ्यासक्रम संकल्पना म्हणून तपासायला गेलात तर दमाल. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'व्हिजन अँड चेंज' या अहवालात पदवीच्या जीवशास्त्रासाठी पाच गाभ्याच्या संकल्पना मांडल्या आहेत: उत्क्रांती, रचना आणि कार्य यांचा संबंध, माहितीचा प्रवाह आणि साठवण, ऊर्जा व द्रव्य यांची रूपांतरं, आणि प्रणाली म्हणून सजीव. यादी मोठी वाटत नाही, पण एका सत्रात प्रत्येकीचे एक-दोन मुद्देच घ्या. माझी निवड विचाराल तर पहिल्या वर्षी झाडाचं वस्तुमान, पाण्याची पटलातून ये-जा, जनुकापासून प्रथिनापर्यंतचा प्रवास, अर्धसूत्री विभाजन आणि नैसर्गिक निवड. मुलं अडखळतात ती याच पाच जागांवर, आणि प्रत्येक ठिकाणी अडखळण्याची पद्धत ठरलेली असते.

ही ठरलेली पद्धत तुमच्या कामाची आहे. तुमच्या पत्रातला 'कळलंय की नाही' हा शब्दप्रयोग मला थोडा खटकला. ज्याला कळलेलं नाही त्याचं डोकं त्या जागी कोरं असतं, असं त्यात गृहीत धरलं आहे. तसं क्वचितच असतं. तिथे दुसरी काहीतरी समजूत आधीच बसलेली असते, तिला तिचं तर्कशास्त्र असतं, आणि तुमची व्याख्या तिच्याशेजारी निवांत राहते. परीक्षेला व्याख्या बाहेर येते, फिरवून विचारलं की जुनी समजूत. चांगल्या प्रश्नाने ती समजूत कागदावर यायला हवी. त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नात सर्वांत जास्त मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्यावी लागते.

एक प्रश्न सुरुवातीपासून बांधून दाखवते. आधी पर्याय न देता वर्गात अर्ध्या कागदावर विचारा: 'बीपासून वाढलेल्या एका मोठ्या झाडाचं लाकूड पूर्ण वाळवलं. त्याचं वस्तुमान मुख्यतः कुठून आलं? दोन ओळींत कारण लिहा.' नाव लिहायचं नाही, गुण नाहीत, वेळ पाच मिनिटं. १२० कागद गोळा झाले की वाचत बसू नका, ढीग करा. साधारण चार ढीग होतील: जमिनीतली खनिजं, मुळांनी शोषलेलं पाणी, सूर्यप्रकाशाचं रूपांतर, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. अर्ध्या तासात होणारं काम आहे. प्रत्येक ढिगातलं सर्वांत नेटकं वाक्य उचला आणि विद्यार्थ्यांच्याच भाषेत पर्याय म्हणून लिहा. 'मुळांनी मातीतून घेतलेल्या पोषकद्रव्यांपासून' हा पर्याय मुलांनीच दिलेला असल्यामुळे तो चकवतो. आपण घरी बसून 'नायट्रोजनच्या स्थिरीकरणातून' असा पर्याय जोडला असता तर कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं, आणि चारऐवजी तीनच पर्यायांचा प्रश्न उरला असता.

'वाळवलेलं' हा शब्द तिथे का आहे तेही बघा. तो नसेल तर 'पाणी' हे उत्तर चूक म्हणता येत नाही, कारण ओल्या झाडात पाण्याचं वजन खरंच भरपूर असतं. वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन, चाळीस-पंचेचाळीस टक्के ऑक्सिजन आणि सहा टक्के हायड्रोजन असतो. पाण्याकडून येतो तो हायड्रोजन. कार्बन आणि साखरेतला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो. पाण्यातला ऑक्सिजन वायू होऊन बाहेर पडतो. हुशार विद्यार्थी पाण्याच्या बाजूने वाद घालायला आला तर हे आकडे जवळ असू द्यात. सतराव्या शतकातल्या फान हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाचा प्रयोगही सांगता येईल. १६४८ साली छापून आलेल्या त्याच्या वृत्तांतानुसार पाच वर्षांत विलोचं झाड सुमारे ७४ किलोने वाढलं आणि ९० किलो मातीतून जेमतेम ५७ ग्रॅम घटली. यावरून त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तुमच्या दुसऱ्या ढिगातली मुलं वाईट संगतीत नाहीत.

हा प्रश्न एकदा चर्चेला आला की त्याचं उत्तरही पाठ होतं. म्हणून प्रत्येक संकल्पनेला एक जुळा प्रश्न हवा, वेष वेगळा आणि गाभा तोच. इथे तो असा: 'एका माणसाच्या शरीरातली १० किलो चरबी कमी झाली. तिचे अणू मुख्यतः कोणत्या रूपात शरीराबाहेर गेले?' बहुसंख्य मुलं लिहितात, ऊर्जा किंवा उष्णता झाली. काही घाम म्हणतात. हिशेब केला तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, १.६ किलोचं पाणी होतं. झाडाचं उत्तर बरोबर आणि चरबीचं चूक, असे विद्यार्थी तुम्हाला बरेच सापडतील. द्रव्य ऊर्जेत विरून जात नाही हे त्यांना झाडापुरतं माहीत आहे. एकाच प्रश्नावर विसंबलं असतं तर त्यांना 'येतं' असं धरून आपण पुढे गेलो असतो.

तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप निम्मा खरा आहे. साध्या चार पर्यायी प्रश्नात निव्वळ अंदाजाने २५ टक्के लागतात, आणि बरोबर पर्याय चुकीच्या कारणासाठीही निवडला जातो. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, दोन पायऱ्यांचा प्रश्न. ही रीत विज्ञानशिक्षणात रुळलेली आहे. विसरण (कण दाटीकडून विरळ जागेकडे पसरणं) आणि परासरण यांवर अशी बारा प्रश्नांची निदान चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. परासरणावर तुम्ही असा विचारू शकता: 'तांबडी रक्तपेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात ठेवली, तिचा आकार बदलला नाही. पाण्याचे रेणू पटलातून आरपार जात आहेत का? होय की नाही?' लगेच खाली 'कारण' म्हणून चार पर्याय: दोन्ही बाजू सारख्या असल्याने जाण्याची गरज उरत नाही, दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने जातात, पाणी आत येतं आणि पेशी एटीपी खर्चून ते बाहेर टाकते, मीठ पटलाची छिद्रं बुजवतं. गुण दोन्ही पायऱ्या बरोबर असतील तरच. अंदाजाने गुण मिळण्याची शक्यता आठात एक, म्हणजे १२.५ टक्के. पहिला पर्याय किती जण निवडतात ते बघाच. 'समतोल झाला की हालचाल थांबते' ही समजूत चांगल्या गुणांच्या मुलांतही घट्ट असते, आणि व्याख्येच्या प्रश्नात ती कधीच दिसत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तपासायला सोपा आहे: एकच परिस्थिती आणि तिच्याखाली चार विधानं, प्रत्येकाला बरोबर की चूक. उदाहरण देते. 'एका जीवाणूच्या जनुकात मधोमध एका बेसचा बदल झाला, त्यामुळे एमआरएनएमधला यूजीजी हा कोडॉन यूजीए झाला. कोडॉनचा तक्ता सोबत आहे.' (एमआरएनए म्हणजे जनुकाची कामापुरती प्रत, कोडॉन म्हणजे तिच्यातला तीन अक्षरांचा शब्द.) विधानं अशी: डीएनएची प्रत बनवण्याचं काम या जागी थांबेल, या जनुकाचा एमआरएनए आधीपेक्षा आखूड बनेल, प्रथिन आखूड बनेल, हा बदल त्या जीवाणूच्या विभाजनातून झालेल्या पेशींत उतरेल. शेवटची दोन बरोबर, पहिली दोन चूक. यूजीए म्हणजे 'थांबा', पण ते थांबणं प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमसाठी असतं. साध्या बहुपर्यायी प्रश्नात 'प्रथिन आखूड होईल' यावर बहुतेक जण खूण करून मोकळे होतात. इथे त्याच मुलांतली बरीच 'एमआरएनएही आखूड' यालाही बरोबर म्हणतात, आणि गोंधळ नेमका कुठे आहे ते कळतं. प्रश्नात जीवाणू मुद्दाम घेतला आहे. दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशींत असा अवेळी थांबा असलेला एमआरएनए पेशी नष्ट करू शकते; पुढचं वाचलेला एखादा विद्यार्थी तेवढ्यावरून अडून बसेल, आणि त्याचं बरोबर असेल.

चारही बरोबर असतील तर दोन गुण, तीन असतील तर एक, त्याहून कमीला शून्य. नुसत्या अंदाजाने चारही लागण्याची शक्यता सोळात एक. मात्र दर वेळी दोन बरोबर, दोन चूक असं ठेवू नका. मुलं विषयाआधी पेपर काढणाऱ्याला ओळखतात.

पर्यायांच्या बाबतीत बाकीच्या खबरदाऱ्या तुम्हाला माहीत असतीलच, पण तुमच्या पेपरात तीन ठिकाणी बरोबर पर्याय सर्वांत लांब आहे आणि दोन ठिकाणी 'वरीलपैकी सर्व' हेच उत्तर आहे. हे दोन्ही काढा. 'खालीलपैकी कोणते अयोग्य नाही' हेही.

दीर्घोत्तरी पूर्ण सोडू नका, मात्र एका पेपरात एकच ठेवा, आणि तेही चार ओळींत मावेल असं. तपासण्याआधी तीन मुद्दे लिहून ठेवा. रक्तपेशीचाच प्रश्न लेखी विचारला तर एक गुण 'रेणू दोन्ही दिशांना जात राहतात' याला, एक 'वेग सारखा म्हणून निव्वळ बदल नाही' याला, एक 'कारण दोन्ही बाजूंची जलक्षमता सारखी' याला. शब्दांना गुण नाहीत. 'संहतीतील फरक' हे शब्द उत्तरात दिसले की पेन आपोआप बरोबरची खूण करतं, आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. एका उत्तराला दीड मिनिट धरलं तर १२० उत्तरांचे तीन तास होतात. एवढं जमेल असं वाटतं. आधी वीस पेपर तपासा, मुद्दे टिकतात का ते बघा, गरज पडली तर बदला, आणि मग त्या वीसांकडेही परत या. ही पायरी गाळली की पहिल्या आणि शेवटच्या गठ्ठ्याला वेगळी मापं लागतात.

अर्धसूत्री विभाजनाला शब्दच नकोत, चित्र मागा. 'पेशीत दोन जोड्या, म्हणजे एकूण चार गुणसूत्रं आहेत. डीएनएची प्रत बनल्यानंतर, पहिल्या विभाजनाच्या मध्यावस्थेत आणि दोन्ही विभाजनं संपल्यावर पेशी काढा. प्रत्येक चित्राखाली गुणसूत्रं आणि अर्धगुणसूत्रं यांची संख्या लिहा.' पहिल्या दोन चित्रांत चार गुणसूत्रं आणि आठ अर्धगुणसूत्रं (प्रत बनलेल्या गुणसूत्राचे दोन धागे). शेवटी प्रत्येक पेशीत दोन गुणसूत्रं आणि प्रत्येकाचा एकच धागा. प्रत बनल्यावर 'आठ गुणसूत्रं' लिहिणारी मुलं आणि मध्यावस्थेत सजातीय जोड्या न लावणारी मुलं दहा सेकंदांत नजरेत येतात. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हेच करावं: पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर चित्र काढा, आकडे लिहा, मग पुस्तक उघडा. अधोरेखित केलेला परिच्छेद पुन्हा वाचला की समजल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं फसवं असतं.

नैसर्गिक निवडीबद्दल एकच सांगते. जीव बदला. प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जीवाणूंचं उदाहरण मुलांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की 'आधीच फरक होते, टिकले ते वाढले' हे उत्तर पाठ येतं. त्याच मुलांना विचारा, गुहेत राहणाऱ्या माशांचे डोळे पिढ्यानपिढ्या कसे गेले? अर्ध्याअधिक कागदांवर 'वापर नव्हता म्हणून गेले' असं येईल. एखादा गुण नव्याने येण्यापेक्षा असलेला गुण नाहीसा होण्याचं स्पष्टीकरण द्यायला मुलांना जास्त जड जातं.

आता त्या ३१ टक्क्यांच्या पेपराकडे. तो फुकट गेला असं समजू नका, त्याचं विच्छेदन करा. एकूण गुणांनुसार पेपर लावा आणि वरचे २७ टक्के व खालचे २७ टक्के बाजूला काढा. १२० मध्ये प्रत्येकी ३२ येतात. प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नासाठी दोन्ही गटांत किती जणांचं उत्तर बरोबर आलं ते मोजा. समजा वरच्या गटात २६ आणि खालच्यात १०. दोन्ही मिळून ६४ पैकी ३६, म्हणजे काठिण्य (बरोबर उत्तरांचं प्रमाण) ०.५६. फरक १६, त्याला ३२ ने भागलं की भेदक्षमता (प्रश्न वरच्या आणि खालच्या गटाला किती वेगळं करतो) ०.५. हा उत्तम प्रश्न. भेदक्षमता ०.३ च्या वर असेल तर ठेवा, ०.२ च्या खाली असेल तर शब्दरचना तपासा. उणे आली, म्हणजे खालच्या गटाने वरच्या गटाहून चांगलं केलं, तर आधी उत्तरतालिका बघा; बहुतेकदा चूक तिथेच असते, नाहीतर प्रश्नाचे दोन अर्थ निघत असतात. असा प्रश्न सर्वांसाठी रद्द करा आणि वर्गात तसं सांगा.

काठिण्य ०.२ आलं म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही. चुकीची उत्तरं सगळ्या पर्यायांत सारखी पसरली असतील तर मुलांनी अंदाज मारला आहे, विषय पोचलेलाच नाही. पण ६० टक्के मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील, तर तिथे एक समजूत घट्ट बसली आहे आणि पुढचा तास तिच्यावर घ्यायला हवा. सरासरीचा एकच आकडा धरून बसलं तर हे दोन वर्ग सारखेच दिसतात. ज्या पर्यायाला पाच टक्केही मुलं निवडत नाहीत तो बदला.

'सिलॅबसबाहेरचं' ही तक्रार मी झटकून टाकणार नाही. विद्यार्थ्यांनी आयुष्यभर ज्या प्रकारचे प्रश्न सोडवले, त्याहून वेगळा प्रकार त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो गुण लागलेल्या पेपरात. यात अन्याय आहेच. नवा प्रकार आधी वर्गात, बिनगुणांचा येऊ द्या. आठवड्यातून दोन प्रश्न फळ्यावर लिहा, हात वर करून किंवा कागदी कार्ड दाखवून मतं घ्या. बरोबर उत्तर ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर उत्तर न सांगता शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं बोलू द्या आणि पुन्हा मत घ्या. ३० च्या खाली असेल तर चर्चेत चूकच पक्की होते. ते पुन्हा शिकवा. ७० च्या वर असेल तर एका वाक्यात कारण सांगून पुढे चला. महिनाभर असं झाल्यावर पहिल्या चाचणीत पाव भाग असे प्रश्न ठेवा, सत्राच्या शेवटी निम्मा. आणि प्रश्नाला लागणारी सगळी माहिती, कोडॉनचा तक्ता, द्रावणाची तीव्रता, पदार्थाचं काम, हे प्रश्नातच द्या. परिस्थिती नवी, पण तिच्यासाठी लागणारं ज्ञान वर्गात शिकवलेलं, हे मुलांना कागदावर दिसलं की तक्रारीची धार कमी होते. काही जण तरीही कुरकुरतील. पाठांतरावर पहिला नंबर आणणाऱ्यांचं त्यात खरंच नुकसान आहे.

अपेक्षा जास्त आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एका पेपरावरून ते ठरत नाही, सुरुवात आणि शेवट मोजावा लागतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस संकल्पनात्मक प्रश्नांचा अर्ध्या तासाचा पेपर घ्या. गुण फक्त हजर राहून सोडवल्याचे. कागद परत घ्या, उत्तरं सांगू नका, फोटो काढू देऊ नका. तोच पेपर सत्राअखेरीस पुन्हा घ्या. सरासरी ४० वरून ६१ वर गेली तर २१ गुणांची वाढ झाली. पण वाढायला जागा होती ६० ची, म्हणून २१ भागिले ६०, म्हणजे ०.३५. भौतिकशास्त्रात १९९८ साली असा मोठा हिशेब प्रसिद्ध झाला होता. त्यात नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांची सरासरी ०.२३ आली आणि विद्यार्थ्यांना बोलतं-विचार करतं ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८. विषय वेगळा आहे, त्यामुळे ते आकडे आपली पट्टी म्हणून वापरू नका. तुमची तुलना तुमच्याच पुढच्या वर्षाशी करा, आणि एकूण आकड्यापेक्षा प्रश्नागणिक वाढ बघा. झाडाचा प्रश्न ३० वरून ८० वर आणि समतोलाचा ३५ वरून ३८ वर, असं काही दिसलं की पुढच्या वर्षी कोणता धडा पाडून पुन्हा बांधायचा ते कळतं.

शेवटचा पेपर सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ठेवू नका. गुण नसलेल्या पेपरात तेव्हा मुलं मधूनच 'ब, ब, ब' करत खाली जातात. ते ओळखायला मधोमध एक विधान ठेवा: 'या ओळीत ड वर खूण करा.' ज्यांनी ती केली नसेल त्यांचे पेपर दोन्ही वेळच्या हिशेबातून काढून टाका.